कमळाचा कांदा आणि दोन एकादश्या

आधी मुख्य गोष्ट लिहून टाकतो, नाहीतर नेहमीसारखं इकडचं तिकडचं लिहीन आणि ती राहून जाईल. बाईंच्या प्रयोगात मी थुंकलो. एकदा नाही, सदतीस वेळा.

आता जरा मोकळं वाटतंय. पुढचं सावकाश सांगतो.

मी रत्नागिरीतल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. मला सगळे मामा म्हणतात. मुलं म्हणतात, प्राध्यापक म्हणतात, ऑफिसातल्या क्लार्कबाईही म्हणतात, ज्या माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या आहेत. मी बोलायला कमी. बायको सांगते, "ह्यांच्याशी भांडायचं म्हणजे दोन्ही बाजूंनी मलाच बोलावं लागतं." तर असा माणूस सदतीस वेळा तोंड उघडतो आणि तेही कशासाठी, हे वाचणाऱ्याला चमत्कारिक वाटेल. म्हणून आमच्या प्रयोगशाळेची एक जुनी पद्धत आधी सांगायला हवी.

अकरावीच्या मुलांना दरवर्षी लाळेचा प्रयोग असतो. स्टार्चच्या पाण्यात आयोडीनचा थेंब टाकला की निळाकाळा रंग येतो. त्याच स्टार्चमध्ये लाळ मिसळून थोडं थांबलं, की स्टार्चची साखर होते आणि मग आयोडीन टाकलं तरी निळं काही येत नाही. प्रयोग साधा आहे. अडचण फक्त लाळेची. मुली तोंडाला ओढणी लावून हसत बसायच्या आणि मुलगे कोण जास्त काढतो याची पैज लावायचे. एका वर्षी एकाने अर्धा बीकर भरून दाखवला आणि त्याच्या शेजारच्याला उलटी झाली. तेव्हा बाई वैतागून म्हणाल्या, "मामा, उद्यापासून सगळ्या वर्गाला तुम्हीच द्या."

तेव्हापासून मीच देतो. प्रयोगाच्या दिवशी चूळ भरायची, खिडकीशी पाठमोरं उभं राहायचं, कपाटातली कैरीच्या लोणच्याची बरणी उघडून नुसता वास घ्यायचा, की दोन मिनिटांत छोटा बीकर भरतो. मग पाणी घालून कापसातून गाळायचं. बरणी स्टॉक रजिस्टरात नाही, पण साहित्यात धरायला हरकत नाही. कॉलेजात कुणाच्या नावाने पारितोषिक आहे, कुणाच्या नावाने हॉल आहे. वीस-बावीस वर्षांत माझं एवढंच.

बाई म्हणजे आमच्या विभागाच्या प्रमुख. गेल्या वर्षीची ही गोष्ट, तेव्हा त्यांना सत्तावन्न पूर्ण झाली होती आणि निवृत्तीला एक वर्षही उरलं नव्हतं. त्यांचा एकच ध्यास होता, तळ्यातली कमळं. देवाला वाहतात ती मोठी गुलाबी नव्हेत. लहान, पांढरी, संध्याकाळी उमलणारी. पुस्तकात त्यांना कुमुद म्हणतात. पूर्णगडच्या बाजूला माझं गाव आहे, तिथल्या तळ्यात ती ढीगभर येतात. गावात त्यांना कोणी विचारत नाही. ढोरं पाण्यात शिरली की पायात देठ अडकतात म्हणून उलट शिव्याच पडतात.

बाईंचा प्रश्न असा होता. वैशाखात तळं आटतं, चिखलाची वीट होते. त्या विटेत कमळाचा कांदा गप पडून असतो, पोटात स्टार्च ठासून भरलेला. मग तळ्यात पाणी चढतं. गढूळ पाण्याखाली ना पान, ना ऊन. मग कोंब वर येतो तो कशाच्या जिवावर? साठवलेल्या स्टार्चच्या. पण स्टार्च पाण्यात विरघळत नाही, कांद्यातून देठात चढत नाही. त्याची साखर करावी लागते, आणि ते काम करतं ते विकर, म्हणजे एन्झाइम, अमायलेज नावाचं. बाई मुलांना सांगायच्या, "घरात भात भरलेली कणगी आहे, पण कांडल्याशिवाय शिजवणार काय? अमायलेज म्हणजे ते कांडण." आपल्या लाळेतही त्याच कामाचं विकर असतं. म्हणून कोरडा भात बराच वेळ चावला तर गोड लागतो. थोडक्यात, तळ्याच्या तळाशी आणि माझ्या जिभेखाली कांडण एकाच प्रकारचं चालतं. माझ्या पापाचं मूळ इथे आहे.

कोंब फुटलेल्या कांद्याचा अर्क किती वेळात स्टार्च संपवतो, एवढंच बाईंना मोजायचं होतं. आणि तो संपायचाच नाही. पांढऱ्या टाइलवर आयोडीनचे ठिपके मांडायचे, सुरुवातीला दर अर्ध्या मिनिटाला आणि मग दर पाच मिनिटांनी नळीतला एक थेंब एका ठिपक्यावर टाकायचा. निळा. पुन्हा निळा. पाऊण तासाने घंटा व्हायची, बाई तासाला जायच्या, परत येईपर्यंत कुणीतरी टाइल धुतलेली असायची. कुणीतरी म्हणजे मीच. मला धुवायची सवय. अशी किती वर्षं गेली.

गेल्या वर्षी आमच्याच कॉलेजात चर्चासत्र ठरलं. बाहेरगावची माणसं येणार होती. बाईंना पंधरा मिनिटं मिळाली. त्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "मामा, निवृत्त व्हायच्या आधी एकदाच मला माझ्या कमळावर चार शहाण्या माणसांपुढे उभं राहायचंय. पण हातात काहीतरी पाहिजे हो. नुसतं 'निळं राहिलं' असं सांगू का?"

मी मान हलवली. काय हलवली ते मलाही माहीत नाही.

त्यांची बोटं सांधेदुखीने आखडलेली, त्यामुळे खलात कांदा घोटायचं काम माझं. दर रविवारी गावाहून ओल्या गोणपाटात कांदे आणायचे, बादलीत ठेवायचे, रोज बर्फात खल ठेवून घोटायचे, गाळायचे, अर्काचे दोन भाग करायचे. एक भाग उकळायचा. उकळलं की विकर मरतं, त्याने स्टार्च जसाच्या तसा राहिला की आपला प्रयोग बरोबर आहे असं कळतं. दुसरा भाग कोमट पाण्यात ठेवायचा, तान्ह्या बाळाला अंघोळ घालतो तितपत कोमट. शेजारी शेजारी दोन भांडी, एक उकळतं, एक कोमट. त्यात चुकण्यासारखं काही नाही.

आषाढ संपत आला होता. बाई तासाला गेल्या होत्या. मी दोन्ही नळ्या हातात घेतल्या आणि खिशातला फोन वाजला.

"अहो, जवळा घेऊ की सोडे?" बायको सुक्या मासळीच्या बाजारात होती.

"काहीही घे."

"काहीही म्हणजे काय? उद्या पुन्हा तोंड वाकडं करणार तुम्ही. बोला की एकदा. दुकानदार थांबलाय."

मी विचार केला, नीट. आयुष्यात पहिल्यांदा कामाच्या वेळात सविस्तर बोललो. म्हटलं, "सोडे महाग आहेत. जवळा घे. पण गेल्या खेपेला त्यात वाळू होती, पाखडून घे." फोन ठेवला आणि बघतो तर दोन्ही नळ्या उकळत्या भांड्यात. आतला अर्क नासलेल्या दुधासारखा फाटला होता.

कांदे संपलेले. पुढचे रविवारी. चर्चासत्राला निबंधाचा गोषवारा पाठवायची मुदत शनिवारी. आणि बाई चाळीस मिनिटांत येणार.

मी कपाट उघडलं. बरणी काढली.

शपथेवर सांगतो, मला वाटलं होतं की थोडीशीच घालू, म्हणजे निळा जरासा फिका पडेल, बाईंना हुरूप येईल आणि रविवारी खरे कांदे आले की सगळं सरळ होईल. पण माझी लाळ वीस-बावीस वर्षांच्या सरावाची. बाईंनी पहिला थेंब टाकला, निळा. दुसरा, जांभळट. चौथ्या मिनिटाला टाकला तो आयोडीनच्या आपल्या पिवळ्या रंगातच राहिला.

"मामा!" बाई ओरडल्या. मी त्यांना ओरडताना कधी ऐकलं नव्हतं. "गेला! निळा गेला! इतकी वर्षं मी काय करत होते हो? तुम्ही आज काय वेगळं केलंत?"

ही ती वेळ होती. तोंडापर्यंत शब्द आला होता. पण माझ्या तोंडापर्यंत आलेलं दरवेळी बाहेर पडतंच असं नाही, आणि जे पडायला नको होतं ते आधीच पडून गेलं होतं. मी म्हटलं, "नीट घोटलं."

बाईंनी प्राचार्यांना बोलावून घेतलं. प्राचार्य वाणिज्य शाखेचे, त्यांना ठिपक्यांतलं काही कळेना. बाई म्हणाल्या, "सर, साखर झाली आहे साखर. हवं तर चाखून बघा, ह्या नळीत आयोडीन नाही." आणि ड्रॉपर घेतला. प्राचार्यांनी सवयीने उजवा हात पुढे केला, तळहाताची पळी करून, डावा हात त्याखाली धरून. बाईंनी चार थेंब घातले. त्यांनी तोंडात घेतले आणि उरलेला ओला हात डोक्यावरून फिरवला.

"गोडसर आहे," ते डोळे मिटून म्हणाले.

मग बाईंनी स्वतः घेतले. "हो, आहे बाई!"

मला पुढे केलं, "घ्या मामा, तुमच्याच हातचं आहे." मी म्हटलं, मला आज चालत नाही. माझंच असून मी घेतलं नाही. ज्या घरात भाताच्या पातेल्याला उष्ट्या हाताने शिवलं तर आई दिवसभर बोलायची नाही, त्या घरात वाढलेला मी, दोन वडीलधाऱ्या माणसांना माझं उष्टं तीर्थ म्हणून पाजून मोकळा झालो होतो. त्या दिवशी जवळा चांगला झाला होता म्हणे. मला चव लागली नाही.

रविवारी खरे कांदे आणले. सोमवारी घोटले. अर्क नीट कोमट ठेवला. दहा मिनिटं झाली, निळा. वीस मिनिटं, निळाच. बाई चष्मा काढून पुसायला लागल्या आणि तासाला जाताना दारात म्हणाल्या, "म्हणजे ते काहीतरी चुकूनच झालं होतं का?" त्यांचा तो चेहरा मला बघवेना. त्या परत आल्या तेव्हा नळीत पुन्हा माझं तोंड होतं. आणि मग रोजच. कांदा घोटायचा, तो अर्क बेसिनमध्ये सोडायचा, पाठ फिरवून बरणी हुंगायची. गावच्या तळ्यात मी गुडघाभर चिखलात कांदे चाचपायचो तेव्हा काठावरून ढोरं राखणारा आमचा म्हातारा चुलता ओरडायचा, "काय रे मेल्या, काय हरवलंय तुजं? बायको पाठवते काय रोज भाजीला?" मला वाटायचं, खरंच भाजीला नेले असते तर बरं. ज्या कांद्यांचं नाव होत होतं ते बेसिनच्या नळातून थेट गटारात चालले होते.

बाई रोज आकडा लिहीत. चार मिनिटं, साडेचार, चार. रविवारीही कॉलेजात यायच्या आणि मला गावाहून थेट तिथे यावं लागायचं. तीन-चार आठवड्यांनी त्यांनी मला आलेख दाखवला. रेघ सपाट चालली होती, आणि मध्येच दोन ठिकाणी खड्डा. त्या दोन दिवशी निळा जायला वीस-बावीस मिनिटं लागली होती.

"ह्या दोन दिवशी काय झालं असेल मामा? कांदे तेच, पाणी तेच." मग त्या स्वतःशीच म्हणाल्या, "थांबा. ते भिंतीवरचं कॅलेंडर काढा बरं."

मी काढलं. बाईंनी आलेख त्याच्या शेजारी धरला. मी लांबूनच पाहिलं. पहिला खड्डा आषाढ वद्य एकादशीला. दुसरा श्रावण शुद्ध एकादशीला.

आमच्या घरात एकादशी पाळतात. लोक त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, वऱ्याचे तांदूळ असं दुप्पट खातात. मला साबुदाणा बाधतो आणि वरी आवडत नाही, म्हणून माझी एकादशी खरीखुरी उपाशी. संध्याकाळपर्यंत कोरा चहा. अकरा वाजता तोंडाला कोरड असते आणि उपासाला लोणचं हुंगणंही बरोबर नाही. त्या दोन दिवशी मी कसाबसा अर्धा चमचा दिला होता, बाकी पाणी.

बाई मात्र कॅलेंडरावरचा चंद्र बघत होत्या. "दोन्ही पक्षांतली एकादशी! मामा, कुमुदाचं आणि चंद्राचं नातं आपले जुने लोक सांगत आलेत. आपण ते काव्य समजतो. पण तळं खाडीपासून किती लांब? एक मैल? खाली भरती-ओहोटीचा परिणाम पोचत असेल. उधाण अमावास्या-पौर्णिमेला, मग अष्टमीला भांग, पाणी कमीत कमी चढतं, एकादशी त्यानंतर... कांद्याला कळत असेल हो हे!"

बाई कडक शास्त्रीय बाई. मुलांनी "निसर्गाची किमया" असं लिहिलं तर लाल रेघ मारणाऱ्या. त्यांच्या डोळ्यांत त्या दिवशी जे आलं ते माझ्या रिकाम्या पोटामुळे आलं होतं.

मी ठरवलं, हा चंद्र तरी मोडायचा. पुढची एकादशी श्रावण वद्य. त्या दिवशी सकाळी मी बायकोसमोर बसलो आणि म्हटलं, "वाढ."

"काय वाढू? एकादशी आहे."

"घावणे घाल."

तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. "बरं नाही का तुम्हाला?" मी सहा घावणे खाल्ले, चटणीशी. जन्मात पहिल्यांदा एकादशी मोडली. कॉलेजात गेलो आणि बरणी न उघडता बीकर भरला. चार मिनिटं झाली नाहीत तो निळा साफ.

बाईंनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं, सुटलो. त्यांनी कॅलेंडर काढलं, चष्मा खालीवर केला आणि हसल्या. "अहो मामा, आज स्मार्त एकादशी. भागवत एकादशी उद्या आहे! बघा, दोन दिवस छापलंय. आज सूर्योदयाला दशमी संपली नव्हती. कांदा पंचांग पाळतो, आणि तेही किती काटेकोर!"

कधी कधी कॅलेंडरात अशा लागोपाठ दोन एकादश्या येतात, कुणी पहिली करतं, कुणी दुसरी. हे मला माहीत होतं. पण सकाळी ते बघायचं सुचलं नव्हतं. आणि आता माझं काय झालं असेल बघा. एकादशीला सहा घावणे खाल्ल्याचं ओझं सकाळपासून छातीवर होतंच. घरी गेल्यावर बायकोने ऐकवलं, "देवाने अजून एक दिवस दिलाय, भागवत एकादशी तरी धरा." मी धरली. चहासुद्धा घेतला नाही, प्रायश्चित्त म्हणून. दुसऱ्या दिवशी नळीत काय गेलं असेल ते सांगायला नको. निळा पंचवीस मिनिटं जागचा हलला नाही.

बाईंनी टेबलावर हात आपटला. "भागवत!"

गणपतीची सुट्टी लागली. आरतीला उभा राहिलो की मला तोंड उघडायची लाज वाटायची. सुट्टी संपवून कॉलेजात आलो तर चर्चासत्राची कार्यक्रमपत्रिका छापून आलेली. बाईंनी मध्यंतरी बदलून कळवलेलं शीर्षक त्यांच्या नावापुढे होतं, "कुमुदकंदातील स्टार्चचे विघटन व चांद्रतिथी." तेरा दिवस उरले होते. पाहुण्यांत पुण्याच्या एक मोठ्या बाई होत्या, ज्यांनी उभं आयुष्य विकरांवर घालवलं होतं. त्यांनी एक प्रश्न विचारला असता आणि आमच्या बाई निवृत्तीच्या तोंडावर हसं होऊन घरी गेल्या असत्या. "एकादशीवाल्या बाई." आमच्याकडे टोपणनाव पडायला वेळ लागत नाही आणि निघायला पिढी जाते.

त्या दिवशी दुपारी बाई आलेखावर चंद्राच्या कला रंगवत बसल्या होत्या. पिवळ्या स्केच पेनने. मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"बाई, थुंकी आहे."

त्यांनी खाली फरशीकडे पाहिलं. "कुठे? कुणी थुंकलं इथे?"

"मी."

"तुम्ही? कुठे?"

"नळीत."

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "कधी?"

"रोज."

मग माझ्याकडून सगळं बाहेर आलं. फोन, जवळा, उकळतं भांडं, बरणी, कोरा चहा, घावणे. मी एका दमात इतकं बोललो की मधे मलाच पाणी प्यावं लागलं. बाई ऐकत होत्या. सगळं ऐकून झाल्यावर त्यांच्या तोंडून पहिला शब्द आला तो, "मी चाखलं ते."

आणि उठून बेसिनशी गेल्या. चूळ भरली. पुन्हा भरली. सात-आठ आठवड्यांनी चूळ भरून काय होणार, पण माणूस भरतो. मी मोजत होतो, अकरा चुळा. मग तोंडावर पदर धरून त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतायत. जवळ गेलो तर म्हणाल्या, "प्राचार्यांनी डोक्याला लावलं हो ते!" आणि भिंतीला धरून हसल्या. मीही हसलो. मी हसलो तशा त्या थांबल्या.

"तुम्ही हसू नका," म्हणाल्या. "मला हसायचा हक्क आहे, तुम्हाला नाही."

बरोबर होतं ते.

खुर्चीत बसून त्यांनी आलेखाचे चार तुकडे केले. "मामा, माझं काम होत नव्हतं, त्याला मी तयार होते. निळं राहिलं असं सांगितलं असतं मी, लाज नव्हती त्यात. पण तुम्ही मला माझ्या कांद्याकडे बघूच दिलं नाहीत. खरा अर्क कुठे?"

"बेसिनमध्ये."

"सदतीस दिवसांचा?"

मी मान हलवली. या खेपेला काय हलवली ते मला नीट माहीत होतं.

"उद्या कांदे आणा," त्या म्हणाल्या. "आणि तोंड बांधून यायचं."

कांदे मिळेनात. भाद्रपद अर्धा सरला होता. पानं तळ्यावर पसरलेली, फुलं लागलेली, आणि खालचे कांदे मऊ, पिचके. साठा संपवून मोकळे झालेले. सरळ आहे, तेवढ्यासाठीच तर साठवलेला असतो. पाण्याच्या खोल बाजूला काही उशिरा फुटलेले असतील म्हणून मी छातीभर पाण्यात शिरलो. चुलता काठावरून म्हणाला, "रे, बुडालास तर बायकोला काय सांगू? कांदे काढताना गेला?" मी म्हटलं, "हो, तसंच सांग." तो इतका दचकला की त्याने बिडी पाण्यात टाकली. मी त्याला याआधी कधी उत्तर दिल्याचं त्याला आठवत नव्हतं. सात कांदे मिळाले.

करोनातले मास्क कपाटात पडून होते. मी दोन घातले, एकावर एक. बाईंनी शेजारी स्टूल घेतलं आणि मी घोटत असताना माझ्या हातांकडे नव्हे, तोंडाकडे बघत बसल्या. सुट्टीचा दिवस मुद्दाम धरला होता, तास नाही, घंटा नाही. सकाळी नऊ वाजता अर्क स्टार्चमध्ये मिसळला. दर पाच मिनिटांनी थेंब. निळा. निळा. निळा.

दोन तास झाले. बाई म्हणाल्या, "इथपर्यंत मी कधी थांबलेच नाही."

त्यांनी डबा काढला. मला पोहे पुढे केले नाहीत. पूर्वी करायच्या. मी मास्क काढू शकत नव्हतो म्हणून केले नसतील, असं मी मनाला सांगितलं. त्यांनी निवांत खाल्लं आणि मी पोह्यांकडे बघत थेंब टाकत राहिलो, आणि मास्कच्या आत, लिहायला लाज वाटते, तोंडाला पाणी सुटत राहिलं.

दुपारी एकच्या सुमाराला ठिपका निळ्याऐवजी जांभळट दिसला. बाईंनी टाइल उचलून उजेडात धरली. "मामा, तुम्हाला दिसतंय का मलाच?" मला दिसत होतं. मग तपकिरी छटा. मग पावणेतीनला पडला तो थेंब आयोडीनच्या पिवळ्या रंगातच राहिला. त्या ओरडल्या नाहीत. घड्याळ बघून वहीत लिहिलं, पाच तास पंचेचाळीस मिनिटं. उकळलेल्या नळीतला थेंब शेजारी टाकला, तो गडद निळा. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मास्क काढा आणि तोंड दाखवा." मी आ केला. त्यांनी आत बघितलं. काय बघितलं त्यांनाच ठाऊक, पण समाधान झालेलं दिसलं.

आणखी दोन दिवस तसेच बसून दोनदा केलं. एकदा साडेपाच तास, एकदा सहाला थोडे कमी. कांदे संपले.

प्राचार्यांना बाईंनी काही सांगितलं नाही, मीही नाही. ते अजून पाहुण्यांना सांगतात की आमच्या बाई कमळापासून साखर करतात, मी स्वतः घेतली आहे. सर, हे वाचलंत तर क्षमा करा. डोक्यावरून हात फिरवलात तेव्हा मी ओरडायला हवं होतं.

चर्चासत्राच्या दिवशी मी मागच्या ओळीत, पंख्याखाली उभा होतो. पत्रिकेत चंद्र होता, तो बाईंनी पहिल्याच वाक्यात काढून टाकला. "शीर्षकात चांद्रतिथी आहे. ती माझी चूक. आधीचे सर्व आकडे मी रद्द केले आहेत, कारण त्या नमुन्यांत बाहेरचं अमायलेज मिसळलेलं होतं." बाहेरचं म्हणजे कुठलं, ते सांगितलं नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. मग त्यांनी तीन आकडे सांगितले. तीनच. पडद्यावर टाइलचा फोटो होता, निळ्यापासून पिवळ्यापर्यंत ठिपक्यांची लांबलचक रांग.

सात-आठ मिनिटांत संपलं. पुण्याच्या त्या मोठ्या बाईंनी हात वर केला. "पावणेसहा तास? फार मंद आहे हो तुमचं विकर."

"मंद आहे," बाई म्हणाल्या. "पण कमळाचं स्वतःचं आहे."

त्या बाईंनी मान डोलावली आणि काहीतरी लिहून घेतलं. आणखी एक गृहस्थ उठले, कुठलेसे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी विचारलं, "हा कांदा उपासाला चालतो का?"

सभागृहात हशा झाला. बाईंनी हशा ओसरू दिला. मग पहिल्यांदाच माझ्याकडे बघत म्हणाल्या, "चालत असावा. पण ते आम्ही अजून मोजलेलं नाही."

चहाच्या वेळी पुण्याच्या बाई आमच्या बाईंना कोपऱ्यात घेऊन किती तापमान, किती पाणी, असं विचारत उभ्या होत्या. बाई हातवारे करून सांगत होत्या, कप तिरका होऊन चहा बशीत सांडत होता तरी त्यांना पत्ता नव्हता. मी जवळून ट्रे घेऊन गेलो. त्यांनी ट्रेमधलं बिस्किट उचललं, माझ्याकडे न बघताच थोडं मोडलं, वास घेतला, आणि मग खाल्लं.